हिरव्या टिकलीचं कार्ड

माझ्या पाकिटात तीन क्रेडिट कार्डं होती आणि तिन्हींना टिकल्या लावलेल्या होत्या. लाल टिकली किराण्याची, हिरवी औषधांची, काळी बिलांची. बिलांची म्हणजे वीज, गॅस, फोन, इंटरनेट. टिकल्या बायकोच्याच पाकिटातल्या. कार्डाच्या कोपऱ्यात ती त्या अंगठ्याने दाबून बसवायची आणि डिंक सुटला की नवी लावायची. दुकानदार कार्ड हातात घेऊन म्हणायचे, "काका, मिसेसची टिकली चिकटलीय बघा," आणि काढायला नख पुढे करायचे. मी जवळजवळ ओरडायचो, "हात लावू नका तिला!" टिकली निघाली असती तर कुठलं कार्ड कशाचं हे मला जन्मात कळलं नसतं.

कार्डं तिची होती. ती नौपाड्यात एका विमा कचेरीत हिशेब बघायची. पहिल्या तारखेला पगार, हातात पगाराची स्लिप. मी शहाडला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. मालक पगार पाकिटात घालून द्यायचे, तोही त्यांना आठवेल तेव्हा. असल्या माणसाला कुठली बँक दारात उभी करणार? मग तिने स्वतःच्या कार्डांवर माझ्यासाठी जादा कार्डं काढून घेतली. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. कार्डावर नाव माझं, पण खातं तिचं, बिल तिचं आणि प्रत्येक खर्चाचा मेसेज तिच्या फोनवर. "माझी पुरवणी आहात तुम्ही," असं ती म्हणायची. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पुरवणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मुख्य अंक बंद पडला की पुरवणीही निघत नाही.

पण तेव्हा असलं काही सुचायचं नाही. तेव्हा मला फक्त राग यायचा.

कारण आमच्या घरात कॅशबॅकचं सोवळं होतं आणि ते ती कडकडीत पाळायची. लाल कार्डावर महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच पैसे परत मिळतात. ती मर्यादा संपली की लाल कार्ड पाकिटात उलटं ठेवायचं, म्हणजे माझ्यासारख्याच्याही लक्षात येतं. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करायची, म्हणजे पैसे भरायला भरपूर दिवस मिळतात. बिल आलं की सगळंच्या सगळं भरायचं. खाली 'किमान देय रक्कम' असं लिहिलेलं असतं, तिकडे नजरसुद्धा टाकायची नाही, तिथेच माणसं बुडतात. सोन्यावर काही परत मिळत नाही, भाड्यावर मिळत नाही, त्यामुळे तिथे कार्ड काढायचंच नाही. आणि क्रेडिट कार्ड घालून एटीएममधून रोख काढणं हे तर महापाप, कारण त्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. "मी मेले तरी असलं काही करू नका," असं ती म्हणाली होती. अगदी याच शब्दांत.

वर्षभराचा कॅशबॅक साठवून त्याची एकदाच आंब्याची पेटी यायची. फोडी करून माझ्यापुढे ठेवताना ती म्हणायची, "सावकाश खा, फुकटचा आहे." मी म्हणायचो, "अगं, वर्षभर एवढा खर्च केला तेव्हा कुठे हा फुकट मिळाला." त्यावर ती बाठा चोखत माझ्याकडे नुसती बघायची. तो आंबा खरोखरच जास्त गोड लागायचा, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

मी चुकीचं कार्ड दिलं की मशीनमधून पावती बाहेर येईपर्यंत तिच्या फोनवर मेसेज पोहोचलेला असायचा. मी दुकानाची पायरी उतरायच्या आत माझा खिसा वाजायचा. नाव यायचं 'मॅनेजर'. ते मीच तसं ठेवलं होतं, तिला चिडवायला.

"अहो, औषधांना लाल का दिलंत?"

"हाताला आलं ते दिलं."

"हाताला आलं! टिकल्या काय शोभेला लावल्यात? गेला की कॅशबॅक."

"किती गेला? एक खोकल्याची बाटली तरी आली असती का त्यात?"

"प्रश्न बाटलीचा नाहीये." मग जरा थांबून, "बरं, घरी या, मग बोलू."

घरी गेल्यावर मात्र ती या विषयावर अवाक्षर काढायची नाही. चहा टाकलेला असायचा. मी घुश्शात असायचो, की ही बाई मला पाळतीवर ठेवते, सुटं नाणं खर्चायची मुभा नाही. लग्नाच्या बायकोने भर रस्त्यात, औषधवाल्यासमोर, नवऱ्याची अशी उलटतपासणी घ्यावी का, असं मी मित्रांना विचारायचो. मित्र हसायचे. आता वाटतं, दिवसातून तीन-तीनदा 'कुठे आहात, काय घेतलंत, कधी येताय' असं विचारणारं जगात दुसरं कोण होतं मला?

कल्याण-शीळ रस्त्यावर, शीळफाट्याच्या अलीकडे, एक मोठं वाणसामानाचं दुकान आहे. महिन्याचा किराणा आम्ही तिथे भरायचो. तिथली गंमत अशी की कार्डावरची सूट एका गिऱ्हाइकाला एका बिलावर एकदाच मिळायची, आणि तेलाचे डबे, साखर वगैरे माणशी एकच. मग हिने युक्ती काढली. दारातच आम्ही वेगळे व्हायचो. ती एक ढकलगाडी घ्यायची, मी दुसरी. सामान निम्मं-निम्मं, बिलं दोन, तिचं तिच्या कार्डावर, माझं माझ्या पुरवणीवर. "आत गेल्यावर आपली ओळख नाही," असं ती मला बजावायची. मी म्हणायचो, "अगं, नवरा-बायकोने दोन बिलं करू नयेत असा कायदा आहे का?" पण तिला त्या नाटकाचीच हौस होती. डाळींच्या फडताळापाशी ती मुद्दाम माझ्याजवळ यायची आणि परक्या बाईच्या आवाजात विचारायची, "काका, हे तूरडाळीचं पाकीट कुठे मिळालं तुम्हाला?"

काका! माझ्या बायकोने मला! मग मीही म्हणायचो, "तिकडे मागे आहे, आजी." तिचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पैसे द्यायला आम्ही शेजारशेजारच्या रांगांत उभे राहायचो. ती समोर बघत उभी असायची, गंभीर चेहऱ्याने, आणि हसू दाबल्यामुळे तिचे खांदे हलत असायचे. बाहेर रिक्षात बसेपर्यंत आमची ओळख नसायची.

ती गेली तो दिवस मी फार उगाळत नाही, पण त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, आणि मी रिक्षा करून तिला आमच्या डोंबिवलीतल्याच एका हॉस्पिटलात नेलं. आधी डिपॉझिट भरा म्हणाले. मी पाकिटातून एक कार्ड ओढलं, दिलं, सही केली. परत आलो तोवर तिला स्ट्रेचरवर घेतलं होतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून तिने हाताने मास्क बाजूला केला.

"कुठलं दिलंत?" तिने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कुठलं दिलं ते मला आठवेना. तेवढ्यात परिचारिकेने मास्क पुन्हा नीट बसवला आणि स्ट्रेचर आत गेलं. दार आपोआप बंद होणारं होतं. त्या दारातून ती बाहेर आली तेव्हा तिला काही सांगण्यात अर्थ उरला नव्हता.

तिची पर्स माझ्याच खांद्याला होती आणि पर्समध्ये तिचा फोन. सगळं आटोपून, नातेवाईक आपापल्या घरी गेल्यावर मी तो उघडला. मेसेज आलेला होता, शेवटी लाल कार्डाचे आकडे होते. मी लाल दिलं होतं. हॉस्पिटलात, औषधपाण्याच्या जागी, मी किराण्याचं कार्ड दिलं होतं. हिरवं द्यायचं होतं. एवढी साधी गोष्ट, वर्षानुवर्षं शिकवलेली. तिला उत्तर हवं होतं ते मी दिलं नाही आणि असतं दिलं तरी ते चुकीचंच असतं. हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो आजतागायत गेलेला नाही. माणूस दुःखात शहाण्यासारखा विचार करतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने कुणाला गमावलेलं नसणार.

मी तिचा फोन बंद केला नाही. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी फळीवर तो कायम चार्जिंगला लावून ठेवला. आणि कार्डं वापरत राहिलो. बिल आमच्या जोडखात्यातून आपोआप जात होतं, कुणी काही विचारत नव्हतं. मी कोथिंबीर आणायला गेलो की घरी तो फोन टुणकन वाजत असणार, उजळत असणार, हे मला रस्त्यातच कळायचं. घरी येऊन बघावं तर मेसेज हजर. 'प्रिय ग्राहक, आपल्या कार्ड वरून...' 'कार्ड' आणि 'वरून' तोडून लिहिलेलं बघून माझ्यातला मुद्रितशोधक चडफडायचा, पण मेसेज तिच्या नावे होता म्हणून मी तो मोठ्याने वाचायचो. "बघ, तुझे पैसे गेले. वांगी घेतली. तुला आवडत नाहीत, पण आता मीच खाणार आहे."

बँकेच्या लेखी ती उत्तम चालली होती. महिनाअखेर कॅशबॅक जमा व्हायचा. तिच्या वाढदिवसाला शुभेच्छा आल्या. एकदा तर असा मेसेज आला, की आपल्या चांगल्या व्यवहारांमुळे आम्ही आपली मर्यादा वाढवत आहोत. जिवंतपणी तिने दोनदा अर्ज केला तेव्हा वाढवली नव्हती.

शीळ रस्त्यावरच्या त्या दुकानातही मी जात राहिलो. एकट्यासाठी तिथपर्यंत जायची काही गरज नव्हती, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सगळं मिळतं. पण मी ढकलगाडी घ्यायचो, डाळींपाशी उगाच रेंगाळायचो, आणि रांगेत उभा राहिलो की माझी मान आपोआप शेजारच्या रांगेकडे वळायची. आपली ओळख नाही, असं स्वतःला बजावत मी बघायचो. एकदा तिथे उभी असलेली एक बाई मला म्हणाली, "काय पाहिजे हो काका? केव्हापासून बघताय." मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. माझी बायको अशीच परकी होऊन तिथे उभी राहायची, हे तिला कसं सांगणार?

मग मी हळूहळू मुद्दाम चुकायला लागलो. हे लिहिताना मला शरम वाटत नाही, फक्त आश्चर्य वाटतं. औषधवाल्याकडे लाल टिकली द्यायची, वीजबिलाला हिरवी, किराण्याला काळी. पैसे देऊन झाले की दुकानाच्या पायरीवर थांबायचं आणि खिशावर हात ठेवायचा. मेसेज तिला पोहोचला आहे, ती चष्मा शोधते आहे, ती वाचते आहे, तिच्या कपाळावर आठी पडली आहे. आता. आता वाजेल. मी खरोखर वाट बघायचो. येणारेजाणारे धक्के देऊन जायचे. नाही वाजला की मी स्वतःची समजूत घालायचो, की चूक तेवढी मोठी नसेल.

मुलगी ठाण्याला असते. ती दर रविवारी यायची आणि दर रविवारी आमचं वाजायचं.

"बाबा, कार्ड आईच्या नावावर आहे. ती नाहीये म्हटल्यावर ॲड-ऑन वापरायचं नसतं. बँकेला कळवायला लागतं. इट्स अ रूल."

"मी बिल बुडवतोय का?"

"बिलाचा प्रश्नच नाहीये बाबा."

"मग कशाचा आहे?"

"आपण त्यांना सांगितलंच नाहीये, की आई गेली!" असं म्हणून ती फळीवरच्या फोनकडे बघायची आणि आवाज उतरवायची. "मी बोलते हवं तर. सर्टिफिकेटची झेरॉक्स आहे माझ्याकडे. पाच मिनिटांचं काम आहे, पण तुम्ही बसा शेजारी."

"बघू. पुढच्या रविवारी."

पोरीचं बरोबर होतं. आणि पाच मिनिटांचंच काम होतं, हेच तर माझं भय होतं. कार्ड बंद झालं की मेसेज बंद. मेसेज बंद झाले की तो फोन म्हणजे एक काळी काच. मी काय खाल्लं, कुठे गेलो, पैसे कशावर उडवले, हे त्या घरात कुणालाच कळणार नव्हतं. मला ते सहन होणार नाही, असं मला स्पष्ट वाटत होतं.

एका शनिवारी सकाळी मी स्टेशनकडच्या औषधवाल्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. लाल टिकली दिली, पायरीवर थांबलो, खिसा गप्प. शेजारीच एटीएम होतं. काचेच्या दारातून आतला थंड उजेड दिसत होता. आणि एकदम माझ्या मनात आलं, आता महापापच करून बघू. मी मेले तरी असलं करू नका, असं म्हणाली होती ना? बघू या.

मी आत गेलो आणि हिरवी टिकली यंत्रात घातली. दुकानात कार्ड नुसतं टेकवून भागायचं, त्यामुळे पिन मी फारसा वापरलाच नव्हता. पहिला चुकला. दुसरा चुकला. पण आता मागे फिरायचं नव्हतं. तिसऱ्यांदा मुलीचं जन्मसाल टाकलं आणि यंत्राने आतल्या आत खडखड करून नोटा पुढे केल्या. त्या मी मोजल्यासुद्धा नाहीत. शर्टाच्या खिशात कोंबल्या, बाहेर आलो, आणि परत त्याच पायरीवर जाऊन उभा राहिलो.

खिसा वाजला.

फोन काढला तर काचेवर नाव होतं 'मॅनेजर'.

मला त्या क्षणी भीती वाटली नाही, हे मी शपथेवर सांगतो. रस्त्यावर रिक्षा कचाकच ब्रेक मारत होत्या, औषधवाला कुणाला तरी सुटे नाहीत म्हणून सांगत होता, ऊन होतं, आणि माझ्या बायकोचा फोन आला होता. मला हायसं वाटलं. इतका उशीर का केलास, एवढंच वाटलं. मी फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा, आणि मी त्याआधीच बोलून गेलो.

"लाल दिलं गं. तेव्हा हॉस्पिटलात लाल दिलं. तू विचारलंस तेव्हा मला आठवेना. हिरवं द्यायचं होतं, कळतं मला, पण हाताला लाल आलं. चुकलं माझं."

 पलीकडून अगदी तिच्यासारखा, पण तिचा नसलेला आवाज आला.

"बाबा."

मुलगी होती. रविवारी काम होतं म्हणून ती आदल्या दिवशीच आली होती, स्वतःच्या किल्लीने दार उघडून. आत पाऊल टाकते तोच फळीवरचा फोन वाजायला लागला. बँकेची बाई होती. पिन दोनदा चुकून कुणीतरी रोख काढली आहे, तुम्हीच का, असं मॅडमना विचारायचं होतं तिला. मुलगी म्हणाली, पाच मिनिटांनी करा, विचारून सांगते, आणि गडबडीत हातातल्याच फोनवरून तिने मला लावला. आईच्या फोनमध्ये माझं नाव 'अहो' असं होतं, यादीत सगळ्यात वर.

"घरी या बाबा," ती म्हणाली. "मग बोलू."

कुठे शिकली ती हे वाक्य? की त्या घरातून फोन करणारा प्रत्येकजण तेच म्हणतो?

मी घरी आलो तर ती स्वयंपाकघरात खाली बसली होती, भिंतीला टेकून, फोन मांडीत. रडून झालेलं दिसत होतं. रोख का काढली, वेड लागलं का, असलं काही तिने विचारलं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच विचारलं.

"आईने विचारलं होतं तुम्हाला? कुठलं कार्ड दिलं म्हणून?"

मी मान हलवली.

"कधी?"

"आत नेताना. मास्क काढून विचारलं. शेवटचं तेच बोलली." मी ओट्याला धरून उभा होतो. "मी लाल दिलं होतं. हिरवं द्यायला हवं होतं."

 मुलीला सगळी कार्डं पाठ होती, आईनेच शिकवली होती. तिच्या घरीही कार्डांना टिकल्या आहेत.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हॉस्पिटलच्या बिलावर आपल्या कुठल्याच कार्डावर कॅशबॅक नाहीये. लाल नाही, हिरवं नाही, काळं नाही. हिरवं फक्त औषधांच्या दुकानात चालतं. आईला माहीत होतं ते. तिनेच मला सांगितलेलं."

मला आधी काही कळलंच नाही. मी विचारलं, "मग विचारलं का तिने?"

 विचारता विचारताच माझा मला त्याचा अर्थ लागत गेला. ती घाबरली होती. एवढी वर्षं जे रोज विचारायची तेच तिने विचारलं होतं, म्हणजे मी रोजच्यासारखं काहीतरी वेडंवाकडं उत्तर देईन, म्हणजे तो एक रोजचाच दिवस होईल. कुठलं कार्ड दिलं ह्याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. हाताला आलं ते दिलं, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. आणि मी तोंड उघडं टाकून, कुठलं होतं कुठलं होतं, असं आठवत बसलो.

मी पण खाली बसलो.  मग फोन वाजला.

मुलीने उचलायला हात पुढे केला, तो मी बाजूला सारला. "मी बोलतो," म्हटलं.

"नमस्कार, बँकेतून बोलतेय. मॅडमशी बोलायचं होतं," पलीकडची बाई म्हणाली. तरुण आवाज होता, सभ्य.

"मी त्यांचे मिस्टर बोलतोय."

"सर, ट्रान्झॅक्शन कन्फर्म करायचं होतं, मॅडमना फोन देता का प्लीज?"

ओट्यावर कालचा चहाचा कप तसाच होता. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "ती गेली. पैसे मीच काढले. ती नाहीये, आणि कार्ड मी वापरत होतो." हे वाक्य मी आजवर कुणापुढेच म्हटलं नव्हतं. लोक येऊन मला सांगायचे की ती गेली, मी हो म्हणायचो. स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा सांगितलं ते एका अनोळखी बाईला, कॅशबॅकच्या खात्यापायी.

 ती बाई म्हणाली, "सॉरी सर." आणि मग काय काय कागद लागतील, उरलेलं बिल कसं भरायचं, कार्ड कापून टाका, हे तिने नीट, सावकाश सांगितलं. मुलीने लिहून घेतलं. उरलेली दोन कार्डंही त्याच दुपारी तिने बंद करून टाकली. कात्री चालवायच्या आधी तिने तिन्ही टिकल्या नखाने अलगद सोडवल्या. मी विचारलं नाही कशाला. नंतर बघितलं तर आईच्या आरशाच्या कडेला, तिच्या जुन्या वापरलेल्या टिकल्यांच्या ओळीत, त्या तीन लावलेल्या होत्या.

निघताना मुलगी म्हणाली, "आईचा फोन मी बघते काय करायचं ते. तुम्ही आत जाऊन पडा जरा." मी पडलो. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. फोन ती घेऊन गेली असणार, असं मी धरून चाललो. स्वयंपाकघरात जाऊन बघायचा धीर मला झाला नाही. चहासुद्धा बाहेरच पीत होतो.

थोड्या दिवसांनी गोळ्या संपल्या. मी औषधवाल्याकडे गेलो आणि एटीएममधून काढलेल्या त्याच नोटांमधली एक पुढे केली. त्याने चमकून बघितलं. "काका, आज कार्ड नाही?"

"नाही," मी म्हटलं.

पायरीवर आलो आणि सवयीने थांबलो. खिशावर हात गेला. मेसेज कुणालाच गेलेला नव्हता, फोन कुणाचाच येणार नव्हता, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पाऊल उचलेना. शेवटी मीच फोन काढला आणि 'मॅनेजर' दाबलं. बंद असल्याचं ऐकू येईल, एवढंच धरून होतो.

पण रिंग गेली.

म्हणजे पोरीने फोन नेला नव्हता. तिथेच ठेवला होता, फळीवर, चार्जिंगला लावून, आणि मला सांगितलं नव्हतं. माझ्या बंद घरात, मिसळणाच्या डब्याशेजारी, तो आता वाजत असणार, उजळत असणार, काचेवर 'अहो' असं येत असणार. मी कान लावून ऐकत राहिलो. एवढं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. कुणी उचलला नाही. रिंग आपोआप थांबली.

"रोख दिले गं आज," मी म्हटलं. "कॅशबॅक नाही. बरं, घरी येतो, मग बोलू."

औषधवाला काऊंटरवरून माझ्याकडे बघत होता. मी फोन खिशात ठेवला, गोळ्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घराकडे चालायला लागलो.